घरोघरची रजनी : प्रिया तेंडुलकर

नाटकांतील एकादी भूमिका गाजली म्हणजे तिचें नांव नटाच्या नांवास कायमचें चिकटतें, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. बालगंधर्वांचें नांव निघालें कीं सिंधू, भामिनी आणि रुक्मिणी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु ह्या नायिका नाटकगृहाच्या बाहेर फारशा कधीं आल्या नाहींत. भाजीवाल्याशीं हुज्जत घालणाऱ्या गृहिणीस कोणी 'भामिनी' म्हणून हांक मारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. १९८५ सालीं मात्र एका नायिकेचें नांव असें कांहीं घराघरांत शिरलें कीं, तें विशेषनाम न राहतां सामान्यनाम होऊन बसलें. रेशनच्या दुकानांत 'पुन्हा वजन करा' म्हणणारी, कचेरींत पैसे भरल्यावर पावतीसाठीं उभी राहणारी, उर्मट कारकुनास त्याचें नांव विचारणारी कोणतीहि स्त्री 'रजनी' ठरूं लागली. हें नांव कौतुकानें घेतलें जाई, तसें कुचेष्टेनेंहि घेतलें जाई. 'मोठी रजनी लागून गेलीस!' ह्या उद्गारांत दोहोंपैकीं काय अधिक असे, तें म्हणणाराच जाणे.

ती रजनी ज्यांनीं उभी केली त्या प्रिया तेंडुलकर ह्यांचा परिचय आम्ही आज वाचकांस करून देणार आहों. आणि तो करून देतांना, ह्या कौतुकाचा व ह्या कुचेष्टेचा आपल्या घरांशीं जो संबंध पोंचतो, त्याविषयींहि दोन शब्द लिहिणार आहों.

माहेरचें घर

प्रियाबाईंचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ रोजीं झाला. त्यांचे वडील विजय तेंडुलकर. मराठी रंगभूमीस हादरे देणारा हा नाटककार आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? १९६७ सालीं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हें त्यांचें नाटक रंगभूमीवर आलें, तेव्हां प्रियाबाई अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. पुढें १९७२ सालीं 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' हीं नाटकें आलीं. त्यांनीं उडविलेली खळबळ वयोवृद्ध वाचकांच्या स्मरणांत आजहि असेल. ज्या घरांतील कर्त्या पुरुषाच्या लेखणीविषयीं बाहेर चार तोंडांनीं बोललें जातें, त्या घरांतील मुलांस लोकापवादाचें भय फारसें उरत नसावें, असें आम्हांस वाटतें.

'शांतता!' मध्यें लीला बेणारे नांवाची एक शिक्षिका आहे. वेळ घालविण्यासाठीं मांडलेल्या लुटुपुटीच्या न्यायालयांत तिला आरोपी करण्यांत येतें, आणि खेळतां खेळतां तो खटला तिच्या खऱ्या आयुष्यावरच येऊन ठेपतो. सर्व जण तिच्याविषयीं बोलतात. ती बोलूं लागते तेव्हां इतर पात्रें जागच्या जागीं थिजलेलीं असतात, आणि तिचें मनोगत प्रेक्षकांखेरीज कोणाच्याहि कानीं पडत नाहीं. वडिलांनीं अशी स्त्री लिहिली, कीं जिचें कोणी ऐकत नाहीं. मुलीच्या वांट्यास पुढें अशी भूमिका आली, कीं जिचें ऐकून घेणें सर्वांस भाग पडे. पिता व कन्या ह्यांच्या आयुष्यांतील हा योग लक्ष्यांत ठेवण्याजोगा आहे.

नाटककाराची मुलगी म्हणून प्रियाबाई एकदम नामांकित नटी झाल्या, असें मात्र घडलें नाहीं. गिरीश कर्नाड ह्यांच्या 'हयवदन' नाटकांत दोन बोलक्या बाहुल्या आहेत. त्यांतील एका बाहुलीचें काम त्यांनीं तरुण वयांत केलें. परंतु उपजीविकेसाठीं त्यांनीं जीं कामें केलीं तीं निराळीं होतीं. पंचतारांकित हॉटेलांत स्वागतिका, विमानांत हवाई सुंदरी, जाहिरातींत मॉडेल आणि वृत्तनिवेदिका, अशा नाना जागीं त्यांनीं नोकऱ्या केल्या. ह्या सर्व उद्योगांत एक गोष्ट समान आहे : समोरच्या माणसाशीं, तो कसाहि वागो, हंसतमुखानें बोलावें लागतें. गिऱ्हाइकाचें बोलणें गोड मानून घेण्याचा पगार जिनें घेतला, तीच पुढें गिऱ्हाइकाची बाजू हिरीरीनें मांडणार होती. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याच्या मनांत काय चालतें, हें त्यांना स्वानुभवानें ठाऊक होतें. रजनीच्या बोलण्यांत जो ठामपणा दिसे त्याच्या मागें हें शिक्षण असलें पाहिजे.

चित्रपटांतील पहिलें पाऊल

१९७४ सालीं श्याम बेनेगल ह्यांचा 'अंकुर' हा चित्रपट आला. जमीनदाराचा मुलगा सूर्या शेतीवर जाऊन राहतो आणि तेथील गरीब मोलकरीण लक्ष्मी हिच्याशीं त्याचा संबंध जडतो. शबाना आझमी ह्यांनीं केलेल्या लक्ष्मीच्या भूमिकेची फार वाखाणणी झाली, आणि ती यथार्थच होती. प्रियाबाईंच्या वांट्यास आलें तें सूर्याच्या पत्नीचें, सरूचें, लहानसें काम. लहानपणीं लग्न झालेली ही मुलगी वयांत आल्यावर सासरीं येते, घरांत काय चाललें आहे तें ओळखते, आणि लक्ष्मीस घराबाहेर काढावयास लावते. प्रेक्षकांची सहानुभूति स्वाभाविकच लक्ष्मीकडे जाते. परंतु थोडा विचार केला तर ही सरूहि एका अन्यायाचीच बळी आहे, असें दिसून येईल. दोष पुरुषाचा, त्याची झळ मात्र दोघी बायकांना, आणि त्यांतहि एकीनें दुसरीस दूर करावयाचें! एकत्र कुटुंबांत हयात घालविलेल्या आमच्या भगिनींस ह्यावर अधिक भाष्य नको.

त्यानंतर १९८० सालीं शंकर नाग ह्यांच्या 'मिंचिन ओट' ह्या कानडी चित्रपटांत त्यांनीं काम केलें. त्याच सुमारास मराठी चित्रपटांतहि त्या दिसूं लागल्या. 'थोरली जाऊ', 'मुंबईचा फौजदार' हीं त्या काळांतील नांवें. ह्या भूमिकांनीं त्यांना ओळख दिली, परंतु त्यांचें नांव देशभर नेण्याचें काम चित्रपटाच्या पडद्यानें केलें नाहीं. तें केलें दिवाणखान्यांतील लहानशा पेटीनें.

दिवाणखान्यांतील पेटी

दिल्लीस दूरचित्रवाणीचे प्रयोग १९५९ सालीं सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९८२ सालीं आशियाई क्रीडासामन्यांच्या निमित्तानें चित्रें रंगीत झालीं, आणि त्याच वर्षीं देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दाखविण्याची व्यवस्था सुरू झाली. १९८४ सालीं 'हम लोग' ही मालिका आली आणि एका सामान्य कुटुंबाचीं सुखदुःखें ऐकण्यासाठीं अवघीं कुटुंबें एकत्र बसूं लागलीं.

ह्या पेटीनें घरांतील स्त्रियांच्या बाबतींत केलेला एक पालट पुरेसा ध्यानांत घेतला जात नाहीं. नाटकास जावयाचें तर मुलांची सोय पाहावी लागे, रात्रीचा स्वयंपाक आवरावा लागे, सोबत शोधावी लागे, आणि एवढें करून वडील मंडळींची परवानगी मिळेल कीं नाहीं ही धाकधूक असेच. आतां नाटकच घरीं आलें. शेंगा सोलतां सोलतां तें पाहतां येऊं लागलें. आजेसासूबाई खुर्चीवर, सून स्वयंपाकघराच्या दारांत, मुलें सतरंजीवर आणि त्यांच्यामागें शेजारचीं मुलें, असा प्रेक्षकवर्ग कोणत्याहि नाटकमंडळीस कधीं लाभला नव्हता. अशा ह्या प्रेक्षकवर्गापुढें १९८५ सालीं रजनी येऊन उभी राहिली.

रजनीची कामगिरी

'रजनी' ह्या मालिकेचे दिग्दर्शक बासु चटर्जी. 'रजनीगंधा' आणि 'छोटी सी बात' ह्या चित्रपटांमुळें मध्यम वर्गाच्या जीवनांतील बारीकसारीक गोष्टी टिपणारा दिग्दर्शक म्हणून त्यांचा लौकिक होताच. त्यांची ही नायिका कोणी विदुषी नव्हती, कीं पुढारी नव्हती. साधी साडी नेसणारी, नवरा व संसार संभाळणारी ती एक गृहिणी होती. तिचे शत्रूहि साधेच. गॅसच्या सिलिंडरचा नंबर लावूनहि तो वेळेवर न देणारा वितरक, 'तिकडे नाहीं येत' म्हणून उतारूस नाकारणारा टॅक्सीवाला, अशीं तीं माणसें. तिचीं शस्त्रेंहि तशींच. समोरच्याचें नांव विचारावयाचें, नियम काय आहे तो दाखवा म्हणावयाचें, लेखी तक्रार करावयाची, वरिष्ठांकडे जावयाचें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर शेजारणींस जमवावयाचें. तिच्या नवऱ्यास ही उठाठेव कित्येकदां नकोशी वाटे. ती भूमिका करण राजदान करीत, आणि मालिकेच्या लेखनांतहि त्यांचा हात होता.

ह्यांत नाट्य तें काय, असें कोणी विचारील. नाट्य एवढेंच, कीं जें प्रत्येकाच्या घरीं रोज घडत होतें आणि ज्यावर प्रत्येकानें 'चालायचेंच' म्हणून पडदा टाकला होता, तें ही बाई चालवून घेत नव्हती. प्रियाबाईंच्या अभिनयाचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे. त्यांनीं आवाज चढविला तरी त्यांत आक्रस्ताळेपणा नसे. त्यांचें बोलणें व्यवहारी बाईच्या हिशेबासारखें असे : एवढे पैसे दिले, एवढा माल मिळाला, बाकी कोठें आहे? प्रेक्षकांस ती आपल्याच घरांतील वाटे, आणि म्हणूनच तिच्या शत्रूंसहि ती खरी वाटली. टॅक्सीवाल्यांच्या मुजोरीवरील भाग प्रक्षेपित झाल्यावर मुंबईच्या टॅक्सीचालकांनीं निषेध करून मोर्चा काढला, आणि गॅस-वितरकांनाहि त्यांच्यावरील भाग झोंबला. काल्पनिक बाईच्या विरुद्ध खरा मोर्चा! नटीस ह्याहून मोठें प्रशस्तिपत्रक तें कोणतें?

तथापि रजनी आकाशांतून पडली नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. मुंबईंतील कांहीं सुशिक्षित स्त्रियांनीं १९६६ सालींच ग्राहकांच्या हितासाठीं 'कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी' स्थापन केली होती. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृति स्त्रियांच्या नेतृत्वाखालीं महागाईविरुद्ध मुंबईच्या गृहिणी हातांत लाटणीं घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी ह्यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिच्या सभासद कुटुंबांनीं गट करून घाऊक भावानें माल आणून आपसांत वांटून घेण्याची रीत पाडली. खऱ्या रजनी ह्या अशा होत्या. मालिकेनें त्यांना एक चेहरा दिला आणि एक नांव दिलें. पुढच्याच वर्षीं, १९८६ सालीं, ग्राहक संरक्षण कायदा झाला. सामान्य ग्राहकास वकील न देतां, थोडक्या खर्चांत, जिल्ह्याच्या ठिकाणीं दाद मागण्याची सोय त्यानें करून दिली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० पासून अंमलांत आला आहे. हा कायदा एका मालिकेनें घडविला असें म्हणणें चळवळीवर अन्याय करणारें होईल. परंतु कायद्यानें जें कागदावर लिहिलें त्याचा अर्थ घरोघरच्या बायकांस आधींच समजलेला होता, ह्याचें कांहीं श्रेय रजनीस दिलेंच पाहिजे.

नांवाचें ओझें

कीर्ति हें जसें भूषण, तसेंच तें ओझेंहि असतें. प्रियाबाई दिसल्या कीं लोकांस रजनी दिसे. आपल्या खऱ्या तक्रारी घेऊन माणसें त्यांच्याकडे येत. त्यांनीं त्या धुडकावून लावल्या नाहींत, आणि पुढें आपलें बोलणेंच आपला व्यवसाय केला. १९९० नंतर खासगी वाहिन्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हां स्वतःच्या नांवाच्या कार्यक्रमांत त्यांनीं सार्वजनिक प्रश्नांवर लोकांस समोरासमोर बोलतें केलें. 'जिम्मेदार कौन' हाहि त्यांचा असाच कार्यक्रम. येथें लिहून दिलेले संवाद नव्हते. रजनीचा प्रश्न आतां प्रियाबाई स्वतःच विचारीत होत्या.

ह्याच दशकांत विजय तेंडुलकरांनीं 'स्वयंसिद्धा' ही मालिका लिहिली आणि तिची नायिका प्रियाबाईंनीं रंगविली. स्वतःच्या पायांवर उभी राहूं पाहणाऱ्या स्त्रीची ही कथा. जाणकारांनीं तिची प्रशंसा केली. १९९५ सालीं आलेल्या 'हम पांच' ह्या विनोदी मालिकेंत तर त्यांना तसबिरींत बसून बोलावें लागलें. अशोक सराफ ह्यांनीं केलेल्या गृहस्थाची ही दिवंगत प्रथम पत्नी भिंतीवरील चौकटींतून त्याच्याशीं बोलते, त्याला टोमणे मारते, सल्ला देते. हालचालीस वाव नाहीं, केवळ मुद्रा आणि आवाज ह्यांवर काम निभवावयाचें. पण तें त्यांनीं इतक्या गमतीनें निभावलें कीं, ती तसबीर हें त्या घरांतील सर्वांत जिवंत माणूस वाटे. मोठ्या पडद्यावर मात्र त्यांना आई-वहिनीच्या धर्तीचीं दुय्यम कामें मिळाली. १९९७ च्या 'गुप्त' मधील नायकाच्या आईचें काम त्यांपैकींच. करण राजदान ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला होता. पुढें दोघे विभक्त झाले. त्याविषयीं अधिक लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

प्रियाबाई लेखिकाहि होत्या, ही गोष्ट मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे, कारण त्यांची नटी म्हणून झालेली कीर्ति त्यांच्या लेखनाच्या आड आली. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'पंचतारांकित' हीं त्यांचीं पुस्तकें. ह्यांतील पहिल्या नांवाशीं आम्ही क्षणभर थांबतों. 'ज्याचा त्याचा प्रश्न' हे तीन शब्द आपल्या सुशिक्षित समाजाचे किती आवडते आहेत! शेजारच्या घरांतून रडण्याचा आवाज येतो. आपण खिडकी लावून घेतों आणि म्हणतों, ज्याचा त्याचा प्रश्न. नात्यांतील मुलीस सासरीं त्रास आहे असें कानांवर येतें. आपण विषय बदलतों. रजनीनें अवघ्या देशासमोर ह्याच तीन शब्दांविरुद्ध बंड केलें होतें.

१९ सप्टेंबर २००२ रोजीं मुंबईंत हृदयविकाराच्या झटक्यानें प्रियाबाईंचें निधन झालें. त्या कर्करोगाशीं झगडत होत्या. त्यांचें वय अवघें सत्तेचाळीस होतें. वडिलांच्या मागें मुलांनीं राहावें हा सृष्टिक्रम. येथें तो उलटा झाला. विजय तेंडुलकर त्यानंतर जवळ जवळ सहा वर्षें जगले आणि १९ मे २००८ रोजीं निवर्तले.

दोन शब्द घरांतल्यांसाठीं

आतां आरंभीं दिलेलें वचन पुरें करूं. 'रजनी' घरोघर आवडली, आणि 'स्वयंसिद्धा' हें नांव मात्र कोणाच्या तोंडीं सामान्यनाम होऊन बसलें नाहीं. असें कां व्हावें? दोन्ही ठिकाणीं नटी एकच. 'स्वयंसिद्धा'ची लेखणी तर तेंडुलकरांची. आमचें उत्तर असें आहे : रजनी घरासाठीं भांडत होती. तिनें गॅस आणला, टॅक्सी आणली, आपले चार पैसे वांचविले. तिच्या भांडणाचा लाभ घरांतील सर्वांस होता, म्हणून आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनीं तिला वाहवा दिली. स्वतःसाठीं उभी राहणारी स्त्री मात्र घरास तितकी सोईची वाटत नाहीं.

आपल्या सुनेनें दुकानदारास खडसावलें तर आपण कौतुकानें चार जणांस सांगतों. तीच सून जेवणाच्या पंगतींत म्हणाली, 'मला पुढें शिकावयाचें आहे', किंवा 'घराच्या हिशेबाची वही मलाहि दाखवा', किंवा 'माझ्या पगाराचें काय करावयाचें तें मलाहि विचारा', तर तिचा आवाज आपणांस एकाएकीं मोठा वाटूं लागतो. शब्द तेच, ठामपणा तोच, न्याय तोच. ऐकणारे मात्र बदललेले असतात. दारापलीकडे जी रजनी, ती दाराअलीकडे भांडखोर! हा दुजाभाव दूर करण्यास मोर्चा नको, कायदा नको आणि खर्च तर मुळींच नको. घरांतील वडील मंडळींनीं मनावर घेतलें तर एका संध्याकाळीं तें होण्यासारखें आहे.

पाटावर बसलेल्यांनीं एकदां वाढणारीस विचारावें, 'तुझें काय म्हणणें आहे?' आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. लीला बेणारेच्या वांट्यास एवढेंहि आलें नव्हतें.